दिसते फायब्रोअडेनोमासारखी

वाद एका रिपोर्टवरून पेटला. सत्तावीस वर्षांची पेशंट, डाव्या स्तनात गाठ, दुखत नाही, बोटांखाली सरकते, तरुण वयातल्या निरुपद्रवी फायब्रोअडेनोमासारखी. पाच महिन्यांपूर्वी दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीत गाठ २.६ सेंटिमीटर होती, आता ३.४. सांगलीत स्वतःचं सेंटर चालवणाऱ्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी खाली शेरा मारला : बायरॅड्स ४ए (म्हणजे थोडा संशय), फायलोडीस ट्यूमरची शक्यता, ट्रूकट बायोप्सी करावी. ट्रूकटचे, म्हणजे जाड सुईने काढलेले, गाठीचे तुकडे मिरजेला गेले. तिथले पॅथॉलॉजिस्ट एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला बाईंचे शिक्षक होते. त्यामुळे बाई त्यांना अजून ‘सर’ म्हणतात आणि सर त्यांना ‘अगं’ म्हणूनच हाक मारतात. नावं छापायची नाहीत या अटीवर दोघांनी मला त्यांच्या भांडणात बसू दिलं. मी आरोग्यावर लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. त्यामुळे मधे फारसं तोंड घातलं नाही.

सर : तू फायलोडीस लिहून मोकळी झालीस. तिच्या नवऱ्याने मोबाइलवर शोधलं, पहिल्याच ओळीत त्याला ‘सार्कोमा’ दिसला. माझी स्लाइड तयार व्हायच्या आत ही मंडळी मुंबईची तिकिटं काढून बसली होती. मला सांग, तुझ्या मशीनला नक्की दिसलं काय?

बाई : सांगते ना. अंडाकृती गाठ, त्वचेला समांतर आडवी पडलेली, कड रेखीव. इथवर फायब्रोअडेनोमा, वाद नाही. पण प्रोब थोडा तिरका केला की कडेला तीन-चार फुगवटे आणि त्यांच्या मधल्या खाचा दिसत होत्या. आतला राखाडी रंग एकसारखा नव्हता. मधोमध दोन काळ्या फटी, अगदी अरुंद, पाणी भरलेल्या. गाठीच्या मागे उजेड पडलेला. डॉपलर लावला तर फटींच्या मधल्या पडद्यांमधून रक्त वाहताना दिसलं.

सर : यातलं फायब्रोअडेनोमात कधीच दिसत नाही असं एक लक्षण सांग.

बाई : तसं एकही नाही.

सर : झालं तर मग.

बाई : नाही झालं. मागचा उजेड दोन्हींत दिसतो, फुगवटेही दोन्हींत दिसतात. फटी फायब्रोअडेनोमात कमी दिसतात, पण दिसतात. एकेक लक्षण सुटं काढून विचारलंत तर मी हरणारच. मी ती सगळी एकत्र बघते, आणि त्यांत दोन गोष्टी आणखी धरते : आकार आणि वेग. फायब्रोअडेनोमा बहुतेक दोन-तीन सेंटिमीटरवर येऊन थांबतो. ही गाठ तीनच्या पुढे गेली आणि पाच महिन्यांत व्यासाने तीस टक्के वाढली. सहा महिन्यांत वीस टक्क्यांहून जास्त वाढ झाली की सुई घाला, हा तर जुना दंडक आहे.

सरांचा मुख्य आक्षेप गणिताचा होता. स्तनाच्या सगळ्या गाठींत फायलोडीस एक टक्क्याहूनही कमी. फायब्रोअडेनोमा ज्या कुटुंबातला, त्या फायब्रोएपिथेलियल गाठी वेगळ्या काढल्या तरी शंभरात दोन-तीन. म्हणजे फुगवटे दिसले की फायलोडीस लिहायचं ठरवलं, तर बहुतेक वेळा ते चुकणार आणि तेवढ्या मुली विनाकारण घाबरणार. बाईंचं उत्तर असं, की आपण सगळ्या गाठींबद्दल बोलतच नाही. लंडनच्या पॅडिंग्टनमध्ये याच अडचणीसाठी एक स्कोअर बसवला गेला, त्यात हाताला लागणारं, सोनोग्राफी-मॅमोग्राफीत दिसणारं आणि बारीक सुईच्या तपासणीत सापडणारं असं सगळं एकत्र धरतात. जुनी गाठ अचानक वाढणं, तीन सेंटिमीटरच्या वरचा किंवा पस्तिशीनंतरचा ‘फायब्रोअडेनोमा’, घट्ट गाठीत पाण्याच्या जागा, अशांपैकी कुठलीही दोन लक्षणं जुळली की ट्रूकट करायचीच.

बाई : यातली पस्तिशीची अट मला आपल्याकडे लावायला नको वाटते. पाश्चात्त्य स्त्रियांत ही गाठ चाळिशी-पन्नाशीत येते. आशियाई स्त्रियांत पंचविशी-तिशीत, म्हणजे थेट फायब्रोअडेनोमाच्या वयात. वयाच्या भरवशावर आपण राहिलो तर आपल्याच मुली हातच्या सुटतील.

सर : हे मान्य. वय सोडून दे. पण मॅमोग्राफी-एमआरआयचे मोठे दावे करू नकोस म्हणजे झालं.

मॅमोग्राफीचे दावे बाई करतही नव्हत्या. या पेशंटची केलीच नव्हती. सत्तावीसच्या वयात स्तन घट्ट असतो, फिल्म सगळी पांढरी येते. वयस्क बाईच्या फिल्मवर फायलोडीस दिसते ती गोल किंवा फुगवट्यांची, दाट, गुळगुळीत कडेची. चुन्याचे कण क्वचित. कधी कधी भोवती चरबी दाबली जाऊन बारीक काळी रेघ उमटते.

सर : त्या रेघेला हॅलो म्हणायचे. आम्हाला शिकवलं होतं, हॅलो दिसला की निश्चिंत राहा.

बाई : हॅलो एवढंच सांगतो की गाठ आजूबाजूचं ढकलत वाढते आहे. मॅलिग्नंट फायलोडीससुद्धा बरंच अंतर ढकलतच जाते. ती शेजारच्या चरबीत बोटं घालते ते सूक्ष्मदर्शकाखाली, माझ्या फिल्मवर नाही.

सर : हे तू बोलतेस याचा मला आनंद आहे. आता एमआरआय.

एमआरआयवर मात्र बाईंचा जीव आहे, हे लपत नव्हतं. टी२ प्रतिमेत पाण्याच्या फटी पांढऱ्या लखलखतात, आत रक्त साकळलं असेल तर ते टी१वर उजळतं. जपानी डॉक्टरांनी प्रतिमा आणि गाठीची ग्रेड (ती किती घातक) यांची जोडणी करून पाहिली. टी२वर गाठ शेजारच्या निरोगी ऊतीइतकीच किंवा तिच्याहून काळी, आतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या भिंती खडबडीत, आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारा एडीसी कमी, अशा गाठी ग्रेडने वरच्या निघण्याकडे कल होता. एडीसी कमी का? पेशी दाटीवाटीने बसल्या की मधल्या पाण्याला हलायला जागा उरत नाही. म्हणजे सर स्लाइडवर जी दाटी बघतात तीच एमआरआय वेगळ्या वाटेने मोजतो, असं बाईंचं म्हणणं.

सर : कल होता, असं म्हणालीस. कलावर ऑपरेशन ठरवशील?

बाई : ऑपरेशन नाही. सुई घालायची की वाट बघायची, एवढंच ठरवेन.

सर : मग त्यासाठी एमआरआयचे हजारो रुपये कशाला? सुई त्याहून स्वस्त आहे.

इथे बाई गप्प बसल्या. आणि माझ्या मते सर बरोबर होते. तीन सेंटिमीटरच्या, वाढणाऱ्या गाठीला एमआरआय सुईपासून वाचवत नाही आणि सुईनंतर फारसं नवीन सांगत नाही. गाठ फार मोठी असेल, छातीच्या स्नायूला टेकली असेल, तेव्हा सर्जनला नकाशा म्हणून तो हवा. ती गोष्ट वेगळी.

मग बाईंनी बाजू उलटवली. सरांचा ट्रूकटचा रिपोर्ट त्यांच्या पर्समध्येच होता. त्यातला मजकूर असा : फायब्रोएपिथेलियल गाठ, स्ट्रोमा पेशीबहुल, फायलोडीस ट्यूमर नाकारता येत नाही, संपूर्ण गाठ काढून तपासावी.

बाई : हे तर माझंच वाक्य तुमच्या लेटरहेडवर आलं, सर! ‘नाकारता येत नाही’ यात आणि ‘शक्यता’ यात काय फरक?

सर : फरक असा की मी स्ट्रोमा बघितला. फायब्रोअडेनोमा असो की फायलोडीस, दोन्हींत दोन घटक : दुधाच्या नळ्यांचं अस्तर आणि त्याच्या भोवतीचा आधाराचा ऊतक, म्हणजे स्ट्रोमा. फायलोडीसमध्ये माजतो तो स्ट्रोमा. तो नळ्यांच्या आत पानासारख्या जिभा घालतो, अस्तर त्या जिभांवर ताणलं जातं. तू ज्या काळ्या फटी बघितल्यास त्या या जिभांच्या मधल्या. योहान्नेस म्यूलरने १८३८ साली गाठ कापून नुसत्या डोळ्यांनी हेच पाहिलं होतं. या मुलीच्या तुकड्यांत अस्तराच्या लगत स्ट्रोमाच्या पेशी दाटलेल्या होत्या. अख्खं पान मात्र एकही मिळालं नाही.

बाई : मिळणार कसं? चौदा नंबरच्या सुईचे चार तुकडे. प्रत्येक दीड-दोन मिलिमीटर जाड. साडेतीन सेंटिमीटरच्या गाठीचा शंभरावा भागही नाही तो. आणि ही गाठ आतून सगळीकडे सारखी नसते, हे तुम्हीच शिकवलंत. एका कोपऱ्यात निव्वळ फायब्रोअडेनोमा, दुसऱ्या कोपऱ्यात मॅलिग्नंट. अख्खी गाठ एका वेळी बघते ती मी. आणि पाच महिन्यांपूर्वीचीही मी बघते. तुमच्या स्लाइडला काल कळत नाही.

सर थोडा वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, ‘काल कळत नाही हे खरं. म्हणून तर तुझ्या फॉर्मवर जुनं माप लिहिलेलं हवं असतं, आणि तू ते कधी लिहीत नाहीस.’ बाईंनी ते निमूट ऐकून घेतलं.

वर्गीकरण हा सरांचा प्रांत, आणि ते त्यावर बोलू लागले की घड्याळाकडे बघायचं नसतं. गाठ आली की आधी बाहेरून शाई लावायची, म्हणजे नंतर स्लाइडवर कड कुठली ते कळतं. मग कापायची. कापलेला भाग करडा-पांढरा, भोवऱ्यासारखा, फटींनी चिरलेला. मोठ्या गाठींत चिकट पाणी, रक्त, कुजलेले भाग. दर सेंटिमीटरला निदान एक ब्लॉक घ्यायचा. मग पाच गोष्टी बघायच्या : स्ट्रोमात पेशींची दाटी किती, पेशी किती बिघडलेल्या, विभागणाऱ्या पेशी किती, अस्तर हरवून नुसता स्ट्रोमाच उरलाय असा भाग आहे का, आणि कड ढकलणारी की घुसणारी. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेचे तीन गट : बिनाइन, बॉर्डरलाइन, मॅलिग्नंट. ढोबळ मानाने साठ ते पंचाहत्तर टक्के गाठी पहिल्या गटात जातात.

बाई : आणि विभागणाऱ्या पेशी मोजायच्या दहा फील्डमध्ये. पाचच्या खाली बिनाइन, पाच ते नऊ बॉर्डरलाइन, दहा आणि वर मॅलिग्नंट. तुमच्या मायक्रोस्कोपचं फील्ड मोठं, शेजारच्या लॅबचं लहान. एकच स्लाइड, दोन गट! आणि तुम्ही मला ओव्हरलॅप शिकवता.

सर : म्हणून तर २०१९च्या आवृत्तीत चौरस मिलिमीटरचा हिशेबही दिला आहे. अडीचच्या खाली, अडीच ते पाच, पाच आणि वर. माझ्या मायक्रोस्कोपचं फील्ड अर्ध्या मिलिमीटर व्यासाचं आहे. दहा फील्ड म्हणजे जवळजवळ दोन चौरस मिलिमीटर. हिशेब जुळतो.

बाई : तुमचा जुळतो. सगळ्यांचा?

सर : नाही. आणखी एक तुझ्या बाजूचं सांगतो, तुला ठाऊक नसेल तर. मॅलिग्नंट म्हणायला पाचही गोष्टी ठळक हव्यात, किंवा स्ट्रोमात हाड-स्नायू बनवणारा सार्कोमा सापडायला हवा. एखादी गोष्ट कमी पडली की गाठ बॉर्डरलाइनमध्ये. म्हणजे बॉर्डरलाइन हा स्वतःचं रूप असलेला गट नाही, दोन्ही बाजूंनी उरलेल्यांचा आहे. पूर्वी नुसता चरबीचा सौम्य लायपोसार्कोमा दिसला तरी मॅलिग्नंट म्हणत. २०१९ला तेही काढून टाकलं, कारण तशा गाठी पसरत नाहीत असं दिसलं. अगं, आंबोलीचा घाट उतरताना कोकण नेमकं कुठल्या वळणावर लागलं ते सांगता येतं का? पण बोर्ड कुठेतरी लावावाच लागतो. आम्ही तीन बोर्ड लावले.

मला विचाराल तर या संभाषणातली सगळ्यात प्रामाणिक कबुली हीच. आणि ती सरांना जड गेली नाही, कारण त्यांच्याकडे तिचा पुढचा भागही होता. सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये तान पुए हून आणि सहकाऱ्यांनी ६०५ फायलोडीस गाठींचा माग काढला आणि २०१२ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. पेशींचा बिघाड, विभागणी, स्ट्रोमाचा माज आणि शस्त्रक्रियेची कड, या चारांना गुण द्यायचे आणि गाठ पुन्हा उगवण्याची शक्यता थेट आकड्यात काढायची. गटाचं लेबल मधून वगळलं तरी चालतं. सर हा तक्ता वापरतात. सर्जन मात्र ‘सर, ते सोडा, बिनाइन की नाही ते सांगा’ म्हणतात.

सिंगापूरमधूनच २०१४ साली आणखी एक धक्का आला. ९८ फायब्रोअडेनोमा तपासले, त्यांतल्या ५९ टक्क्यांत एमईडी१२ या जनुकात बदल सापडला, आणि तो स्ट्रोमात होता. गर्भाशयाच्या फायब्रॉइडमध्ये हेच जनुक बदललेलं असतं. पुढे फायलोडीसमध्येही तेच निघालं.

बाई : म्हणजे फायब्रोअडेनोमा आणि फायलोडीस यांच्यामधली तुमची भिंतही पडली.

सर : भोकं पडली. टीईआरटी या दुसऱ्या जनुकातला बदल फायब्रोअडेनोमात क्वचित, फायलोडीसमध्ये पुष्कळदा. काही फायलोडीस फायब्रोअडेनोमातून निघत असाव्यात, एवढं म्हणता येईल. सगळे फायब्रोअडेनोमा फायलोडीस होतात असं कुणी म्हणत नाही. तसं असतं तर तुझ्या सेंटरबाहेर रांग लागली असती.

एवढं सगळं ऐकल्यावर मी एकच प्रश्न विचारला : ऑपरेशनच्या आधी नाव लिहिलं काय, न लिहिलं काय, त्या मुलीला काय फरक? गाठ तर काढायचीच होती.

त्यावर पहिल्यांदा दोघंही एका सुरात बोलू लागले, आणि मग वेगवेगळ्या दिशेला गेले. फायब्रोअडेनोमा म्हटलं की सर्जन निप्पलच्या कडेने लहान छेद घेतो आणि गाठ आवरणातून सोलून काढतो. ती फायलोडीस असली तर तिचे बारीक फुगवटे आवरणाबाहेर, शेजारच्या ऊतीत राहून जातात. म्हणून ती भोवतीच्या निरोगी ऊतीसकट काढायची. बाईंचं म्हणणं, नाव आधी लिहिलं तर सर्जन छेदच वेगळा घेतो. नंतर कळलं तर पोरीला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं.

सर : दुसऱ्यांदा जावंच लागतं असं आता राहिलं नाही. पूर्वी सगळ्यांनाच एक सेंटिमीटर निरोगी कड सांगायचे. बॉर्डरलाइन आणि मॅलिग्नंटला आजही सांगतात. बिनाइनच्या बाबतीत कड एक सेंटिमीटर नसली तरी पुष्कळ ठिकाणी नुसतं लक्ष ठेवतात. बिनाइन गाठ पुन्हा येते ती शंभरात दहा ते सतरा जणींना, आणि आली तरी बहुधा पुन्हा काढता येते.

बाई : त्या सतरांतली एखादी वरच्या ग्रेडची होऊन येते, हे सांगायचं राहिलं.

सर : येते. म्हणून तर लक्ष ठेवायचं. पण तुझ्या पेशंटचा नवरा ज्याला घाबरला ते वेगळं. फुप्फुसात पसरते ती मॅलिग्नंट, तीही सगळीच नाही. आणि रक्तावाटे पसरते, म्हणून काखेतल्या गाठी काढायच्या नसतात. काखेत फुगलेल्या गाठी लागल्या तरी बहुतेक नुसत्या सुजलेल्या असतात. सगळा स्तन काढायचीही गरज नसते, निरोगी कड मिळत असेल तर. हे सगळं त्याला कोण सांगणार? नाव तू लिहिलंस, समजावणं माझ्यावर आलं.

बाई : मग रिपोर्टबरोबर दहा मिनिटं बोलायला हवं होतं मी, हे बरोबर. नाव खोडायला हवं होतं हे नाही.

माझं मत बाईंकडे झुकतं. पेशंटला न कळेल असं लिहून भीती टाळता येते हा आपल्याकडचा जुना समज आहे, आणि त्याची किंमत सोलून काढलेल्या गाठी मोजतात. पण सरांचीही एक गोष्ट मी टिपून ठेवली : चित्रावरून ग्रेड कुणी लिहू नये. बाईंनी ती लिहिली नव्हती. काही जण लिहितात.

गाठ निघाली. बाईंनी ती काढण्याआधीच सर्जनला फोन केला होता, त्यामुळे सोलली नाही, कडेसकट काढली. रिपोर्ट आला : बिनाइन फायलोडीस, एका बाजूची कड जेमतेम दोन मिलिमीटर. पुन्हा ऑपरेशन नाही, रेडिएशन तर नाहीच. २००९ साली अमेरिकेत ज्या ४६ पेशंटवर कड स्वच्छ असताना रेडिएशन देऊन पाहिलं आणि एकीलाही गाठ त्याच जागी परत आली नाही, त्या सगळ्या बॉर्डरलाइन किंवा मॅलिग्नंट होत्या. पुन्हा येणाऱ्या गाठी बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात, म्हणून तेवढा काळ दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, असं बाईंनी सांगितलं. सरांना त्यातही शंका होती.

सर : व्रणाला गाठ समजून पुन्हा सुया घालत बसशील.

बाई : व्रण काटेरी असतो, मागे सावली टाकतो. परत आलेली गाठ गोल, गुळगुळीत, मागे उजेड. या बाबतीत तरी माझ्या मशीनवर विश्वास ठेवा. आणि तुम्ही नुसतं बिनाइन लिहून थांबू नका. विभागणाऱ्या पेशी किती?

सर : दहा फील्डमध्ये तीन.

बाई : चौरस मिलिमीटरमध्ये सांगा, सर.

सरांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. ‘दीड,’ म्हणाले, ‘लिही.’